घरात पाहुण्याची जागा



मागच्या नाताळाला माझा भाचा अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुटीवर आला होता. तो परिचारक आहे. तिकडे तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर गावोगावच्या इस्पितळांत काम करणारे पुष्कळ परिचारक आणि परिचारिका असतात, त्यांतला तो एक. दर तीन महिन्यांनी नवे भाड्याचे घर शोधायचे, अनामत भरायची, पलंग-गादी जमवायची आणि पुन्हा सगळे विकून निघायचे, याला तो कंटाळला. दीड वर्षापूर्वी त्याने एक जुना पिकअप ट्रक घेतला आणि त्याच्या हौद्यात बसणारी एक खोली घेतली. तेव्हापासून तो त्या खोलीतच राहतो.

या बातमीने माझी ताई, म्हणजे त्याची आई, वर्षभर खचून गेली होती. "शिकून सवरून परदेशी गेला आणि गाडीलोहारासारखा गाडीत राहतो," असे ती येईल त्याला सांगायची. मुलगी कोण देणार, ही चिंता वेगळीच.

तिची तुलना मला वाटली तेवढी चुकीची नव्हती. रस्त्याच्या कडेला बैलगाडी सोडून लोखंड ठोकत बसलेली गाडीलोहारांची कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली आहेत. चितोड पडले तेव्हा पक्क्या घरात न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. गाडीवर खाट ठेवायची तीही उलटी, कारण खाटेवर झोपायचे नाही हीसुद्धा शपथच. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी स्वतः त्यांना चितोडगडावर नेले आणि शपथ संपली असे जाहीर केले. पण पुढेही किती तरी कुटुंबे गाडीतच राहिली. शपथ संपली तरी जमीन आणि घर कोठून येणार?

भाच्याच्या गाडीचे मात्र सगळे हौसेचे. मोबाइलवर त्याने फोटो दाखवले. ही खोली ट्रकला कायमची जोडलेली नसते. चार कोपऱ्यांना जॅक लावून ती उचलता येते आणि ट्रक खालून मोकळा काढता येतो. गाडी चालत असताना छत खाली दबलेले असते, म्हणजे वारा कमी अडतो आणि डिझेल वाचते. मुक्कामाला पोचले की आत शिरून छत वर ढकलायचे. भिंतींचा वरचा भाग जाड कापडाचा असतो, तो ताणला जातो आणि माणूस आत ताठ उभा राहू शकतो. झोपायची जागा चालकाच्या केबिनच्या वर. खाली एक बाक, एक घडीचे टेबल, दोन शेगड्या, हाताच्या पंपाची मोरी, पाण्याची पंचाहत्तर लिटरची टाकी, बॅटरी आणि छतावर सौर पट्टी. संडास म्हणजे बाकाखालची एक पेटी. थंडीत दोन माणसांच्या श्वासाने कापडाला आतून पाणी सुटते आणि सकाळी पुसून काढावे लागते, हेही त्याने सांगितले. काही लपवले नाही.

मला सगळ्यात नवल वाटले ते वजनाचे. ट्रकच्या दारावर एक चिठ्ठी असते, त्यावर गाडीने किती भार वाहावा याचा आकडा असतो. रिकामी खोलीच पाच-सहाशे किलोची. त्यात पाणी, गॅस, कपडे, पुस्तके आणि स्वतः मालक. सगळे भरून तो गाडी वजनकाट्यावर घेऊन गेला, तर भार दीडशे किलो जास्त भरला. मग एकेक वस्तू बाहेर काढून तिचा हिशोब मांडला. बिडाचा तवा ठेवला, दुसरे पातेले काढले. आजीने दिलेला पितळी डबा आठ दिवस आत-बाहेर झाला आणि शेवटी राहिला. आपल्याकडे वजनकाट्याला धरमकाटा म्हणतात. कापसाच्या गाड्या त्यावर उभ्या राहिलेल्या आपण पाहतो, पण आपला संसार त्यावर उभा करायची वेळ आपल्यावर कधी येत नाही. माझे घर धरमकाट्यावर नेले तर काय भरेल, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी त्याला म्हणालो, "अरे, हा तर संन्यासच झाला." तो हसला. म्हणाला, "मामा, तुम्ही उगीच मोठं करता. मला भाडं वाचवायचं होतं."

नाताळानंतर आम्ही तिघे सेवाग्रामला गेलो. वर्ध्यात राहून आपण बापूकुटी पाहुण्यांनाच दाखवायला जातो, स्वतः बसायला जात नाही. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० सालचे. जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबहेनने स्वतःसाठी बांधली होती. गांधीजी नंतर तीत राहायला आले. माती, बांबू आणि कवेलू, सगळे आसपासचेच. भाचा आत गेला आणि सुताराच्या नजरेने बघू लागला. बसल्या जागेवरून हात पोचेल एवढ्या अंतरावर सगळे ठेवलेले, लिहायचे मेज बुटके, भिंतीतच फळ्या. "हे तर माझ्यासारखंच आहे," तो म्हणाला. साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा पाहून तर तो लहान मुलासारखा खूश झाला. साप पकडून लांब सोडून द्यायचे, अशी तिथली रीत होती.

तेव्हा मला इव्हान इलिच यांची आठवण झाली. आपल्यापैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, म्हणून थोडे सांगतो. ते १९२६ साली व्हिएन्नात जन्मले, १९५१ साली कॅथलिक धर्मगुरू झाले आणि न्यूयॉर्कच्या एका गरीब धर्मग्रामात त्यांनी काम केले. १९६९ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाचे काम सोडले. शाळा, इस्पितळे, मोटारी या सगळ्यांबद्दल त्यांनी अवघड प्रश्न विचारले. २००२ मध्ये ते वारले. १९७८ च्या जानेवारीत ते सेवाग्रामला एका परिषदेसाठी आले होते. सकाळी कुटीत जाऊन बसले आणि मग तिच्याविषयीच बोलले. दिल्लीत ते जिथे उतरले होते ती इमारत त्यांना खोक्यासारखी वाटली होती. सामान आणि सोयी नीट मावाव्यात म्हणून बांधलेले सिमेंटचे खोके. कुटीत त्यांना निराळे दिसले. त्यांनी तिथल्या जागा मोजल्या, त्या सात भरल्या. जोडे काढून मनाने तयार होण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसून काम करण्याची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडा व्हरांडा आणि ऐसपैस न्हाणीघर.

हे मी भाच्याला सांगितले आणि थोड्या खवचटपणे विचारले, "तुझ्या खोक्यात यांतल्या किती जागा आहेत?"

माझे म्हणणे असे होते. कुटी लहान म्हणून थोर नाही. खरे तर ती फारशी लहानही नाही. तिच्या मालकाची स्वतःची जागा एका चटईएवढी, आणि पाहुण्याला व आजाऱ्याला मात्र वेगळी खोली. परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने खंगलेले आश्रमात आले, तेव्हा बहुतेक लोक अशा माणसाच्या सावलीलाही भीत. त्यांच्यासाठी जवळच झोपडी उभी राहिली आणि गांधीजी त्यांच्या जखमा स्वतः धूत. साधेपणा असा असतो. उलट, फक्त मला पुरेल एवढेच घर मी बांधले, मग ते कितीही लहान असो, तर तो काटकसरीने केलेला एकलकोंडेपणा झाला. बारा फुटांच्या खोलीतही माणूस आप्पलपोटा राहू शकतो.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "न्हाणीघर नाही, ते मी व्यायामशाळेत पैसे भरून वापरतो. कपडे धुवायला बाहेर जातो. आजारी पडलो तर माझ्याच इस्पितळात जाईन. म्हणजे तुमच्या सातांतल्या दोन तर मी गावावर टाकल्या." हा हिशोब त्याने प्रामाणिकपणे केला, आणि तो गांधीजींनाही थोडा लागू होतो असे मला वाटले. कुटीच्या मागे सगळा आश्रम होता, सामायिक स्वयंपाकघर होते, जमनालालजींचा आधार होता, शेजारी व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोनसुद्धा होता. लहान घर कधीच एकटे उभे राहत नाही, ते कुणाच्या तरी मोठ्या घराला टेकलेले असते. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. कबूल न करता "मी किती कमीत राहतो" असे सांगत फिरणे मात्र मला खटकते. असे फिरणारे आता आपल्याकडेही होतील. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे.

आणि ज्यांना निवड नाही, त्यांचे काय? जामच्या चौरस्त्यावर रात्री ट्रकांची रांग लागते. हैदराबादकडून नागपूरकडे जाणारे चालक केबिनमध्येच झोपतात, तिथेच स्टोव्ह पेटवतात, तिथेच देवाचा फोटो लावतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा त्या पत्र्यात काय होत असेल? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. पण जुने ट्रक अजून किती तरी वर्षे धावतील. भाच्याची खोली आणि या केबिनी आकाराने सारख्याच. त्याला उद्या कंटाळा आला तर तो घर भाड्याने घेईल. एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. म्हणून लहान घराचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते.

परतताना बसमध्ये भाच्याने माझ्या प्रश्नाचे उरलेले उत्तर दिले. बाक आणि टेबल जोडले की खाली दुसरे अंथरूण होते. मागच्या हिवाळ्यात त्याच्या एका सहकाऱ्याच्या भाड्याच्या खोलीची मुदत संपली आणि नवी मिळेना, तेव्हा तो नऊ रात्री त्या अंथरुणावर झोपला होता. एक उठला की दुसऱ्याला पाय वर घ्यावे लागत. एकाची दिवसपाळी आणि एकाची रात्रपाळी, म्हणून निभावले. "पाहुण्याची खोली नाही मामा, पण पाहुणा होता."

मी गप्प झालो, कारण शेजारी ताई बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तपासणीसाठी ती पाच वेळा वर्ध्याला आली आणि पाचही वेळा संध्याकाळच्या एसटीने डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत गेली. माझ्या घराला तीन खोल्या आहेत. तिसऱ्या खोलीत जुना सोफा, बिघडलेला कूलर, मुलांची पुस्तके, लग्नातल्या भांड्यांची खोकी आणि दोन रिकाम्या सुटकेस आहेत. ताई म्हणायची, "तुमची अडचण नको." मी म्हणायचो, "बघ, जसं तुला सोयीचं." तिला राहू नको असे मी कधी म्हटले नाही. खोलीने म्हटले.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम तंबूच्या दारात बसलेला आहे. भर दुपारचे ऊन आहे. तीन परके समोर उभे दिसतात, तसा तो म्हातारा माणूस धावत जातो, त्यांचे पाय धुवायला पाणी देतो, साराला भाकरी करायला सांगतो. तंबू किती मोठा होता हे तिथे लिहिलेले नाही. गुंडाळून उंटावर टाकता येईल एवढा असणार. संत पौल तंबू शिवून पोट भरत असे आणि अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहत असे, तेही तंबूच करणारे होते. या जागा मी अनेकदा वाचल्या आहेत. तिसऱ्या खोलीचा दरवाजा मात्र बंदच होता, कारण तो उघडला की खोकी घसरतात.

जायच्या आदल्या दिवशी भाच्याने आणि मी कूलर भंगारवाल्याला दिला. सोफा अजून आहे, तो दारातून निघेना. सुताराला बोलावले आहे. ताईने मुलाला फक्त एवढेच विचारले, की ते खालचे अंथरूण लांबीला किती. तो म्हणाला, सहा फुटांना थोडे कमी. ती म्हणाली, मग मला होईल.