वाटणाऱ्याचे पाच गुण

जे कुणाच्याच मालकीचे नाही, ते वाटायचे कुणी? आणि वाटणाऱ्याच्या अंगी काय असले, म्हणजे घेणाऱ्याने ती वाटणी मनापासून मान्य करावी? हा प्रश्न मला विहारात भेटला आणि पोटापाण्याच्या कामातही भेटला. दोन्हीकडे तो एकच आहे, असे माझे मत होत गेले. ते इथे मांडतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी आणि लाखांदूर तालुक्यांत ब्रॉडबँडच्या जोडण्या देतो. खांबावरची फायबर, घरातला राउटर, आणि धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीच्या दिवसांत सेवा केंद्रांतून सारखे येणारे फोन, हे माझे काम. वर्षावासात संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचन चालते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ दरवर्षी वाचला जातो, आणि त्यासोबत विनयपिटकातले प्रसंग जाणती मंडळी सांगतात. पवनीच्या मातीला हे नवे नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा स्तूप उघडा झाला आणि दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली सापडली. कुणी काय दिले याची नोंद इथल्या दगडांनी दोन हजार वर्षे सांभाळली.

आता इंटरनेटच्या पत्त्याविषयी. हातातला मोबाइल असो की बँकेचा सर्व्हर, जाळ्यावर निरोप पोचायला क्रमांक लागतो. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत तो बत्तीस बिटांचा असतो: मध्ये टिंबे घातलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. असे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ क्रमांक होतात आणि त्यांतलेही काही राखीव आहेत. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या पुढे गेली आहे. हे क्रमांक कुणी घडवलेले नाहीत, ते निव्वळ गणिताने मिळालेले आहेत. त्यांचे मोल एकाच गोष्टीत आहे: जो क्रमांक एकाकडे आहे तो दुसऱ्या कुणाकडे नाही, हे सगळ्यांनी मानले आहे. मी माझ्या राउटरमध्ये कुठलाही आकडा टाकू शकतो. हात धरायला कुणी येणार नाही. पण बाकीच्या जाळ्यांनी तो माझा मानला नाही, तर मी पाठवलेल्या एकाही निरोपाचे उत्तर पवनीला पोचणार नाही. स्वतःच्या बळावर काहीच उभे नसते, सगळे एकमेकांच्या आधाराने असते, ही तथागतांची शिकवण मला या आकड्यांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते. म्हणून पत्त्याच्या बाबतीत ‘माझे’ हा शब्द जपून वापरावा लागतो. तो माझा आहे, कारण इतरांनी तो माझ्यासाठी सोडला आहे.

सुरुवातीच्या काळात कुणाला कोणता क्रमांक दिला, याची यादी अमेरिकेत जॉन पोस्टेल सांभाळत. त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. पण जाळे पसरले, देश वाढले, आणि एका जागी बसून कुणाची गरज किती हे ओळखणे अशक्य झाले. ऑक्टोबर १९९२ मध्ये एलिस गेरिच यांनी लिहिलेल्या आरएफसी १३६६ या टिपणाने सुचवले, की हे काम जगाच्या विभागांकडे सोपवावे. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये युरोपचे राइप केंद्र सुरू झाले. १९९३ मध्ये आशिया-पॅसिफिकसाठी एपनिकने टोकियोत काम आरंभले आणि १९९८ मध्ये ते ब्रिस्बेनला गेले. पुढे उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका आणि २००५ मध्ये आफ्रिका अशी पाच केंद्रे झाली. भारतात निक्सी या संस्थेच्या छायेत आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी २०१२ पासून हे काम बघते. तिथून सेवा देणाऱ्या कंपनीकडे, आणि कंपनीकडून आमच्या गावाकडे, असा पत्त्याचा प्रवास आहे.

वाटप विभागाकडे का असावे, हे भंडाऱ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या जिल्ह्यात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उभारलेले तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, होती तोवर पाण्याची पाळी गावातच ठरायची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. तलाव मात्र सरकारकडे आले, ‘मामा (माजी मालगुजारी) तलाव’ झाले, आणि कुणाची धानाची बांधी कधी सुकते हे जवळून बघणारा डोळा दूर गेला. कित्येक तलाव गाळाने भरले. पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. गावातल्या त्या वाटणीत जात आडवी येत होती. शेवटच्या बांधीवाल्याची पाळी का चुकते, हे सगळ्यांना ठाऊक असायचे आणि बोलायचे कुणी नसायचे. जवळ असल्याने गरज दिसते, एवढेच. न्याय त्यातून आपोआप येत नाही. त्यासाठी वाटणारा कसा असावा, हे आधी ठरवावे लागते.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दब्ब मल्लपुत्त या तरुण भिक्खूची कथा आहे. संघाची सेवा करावी म्हणून तो निवासाच्या जागा आणि भोजनाची निमंत्रणे वाटून देण्याचे काम मागून घेतो. सूत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना तो एका ठिकाणी उतरवतो, म्हणजे त्यांना एकमेकांसोबत पठण करता येते. ध्यान करणाऱ्यांना वेगळे ठेवतो, म्हणजे त्यांना त्रास होत नाही. या कामासाठी कुणाला नेमावे, याचे पाच गुण विनयात सांगितले आहेत. जो आवडीपोटी झुकत नाही, द्वेषापोटी झुकत नाही, मोहापोटी झुकत नाही, भयापोटी झुकत नाही, आणि कोणती जागा दिली गेली आहे, कोणती नाही, हे ज्याला ठाऊक आहे. पहिले चार गुण मनाचे आहेत. पाचवा नोंदवहीचा आहे. बुद्धांनी नोंदवहीला मनाच्या शुद्धीशेजारी बसवले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. नुसता भला माणूस नोंद ठेवत नसेल तर एकच जागा दोघांना देऊन बसेल. नुसता चोख कारकून आवडीनिवडीने वागला तर अन्याय चोखपणे करील.

त्याच ग्रंथात उपनंद या भिक्खूचा प्रसंग आहे. तो एका ठिकाणी निवास घेतो, दुसऱ्या ठिकाणी जातो, तिथेही घेतो. त्यावर नियम झाला, की एका भिक्खूने दोन जागा अडवू नयेत. घेतलेली जागा सदासर्वकाळ अडवून ठेवू नये, असाही नियम झाला. वापरात असेल तोवर ती तुझी, पुढे ती संघाची.

या नियमाच्या उजेडात पत्त्यांचा इतिहास बघितला की मन अस्वस्थ होते. सुरुवातीला अमेरिकेतल्या काही विद्यापीठांना आणि कंपन्यांना प्रत्येकी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्त्यांचा गठ्ठा मिळाला. तेव्हा कुणाचा हेतू वाईट नव्हता. पत्ते संपतील असे कुणाला वाटलेच नव्हते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर मोठ्या जागा भरल्या होत्या. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच केंद्रांना एकेक असे देऊन साठा संपवण्यात आला.

त्यानंतर एपनिकने जे केले ते मला दब्बाच्या वारशातले वाटते. एप्रिल २०११ पासून, १०३ ने सुरू होणाऱ्या शेवटच्या गठ्ठ्यातून कुणालाही जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळतील, असा नियम लागू झाला. महाकाय कंपनी असो की नवखी संस्था, शेवटच्या साठ्यात वाटा सारखा. २०१९ मध्ये तो ५१२ वर आणला गेला, म्हणजे उशिरा येणाऱ्यांसाठीही काही उरेल. माझ्या जोडण्यांचे बाहेरचे पत्ते १०३ नेच सुरू होतात. पवनीतल्या दुकानदाराचे बिल नागपूरच्या सर्व्हरवर पोचते, कारण कुणीतरी शेवटच्या घासाच्या वेळी उशिरा येणाऱ्याचे ताट आठवणीत ठेवले.

तरी तुटवडा तुटवडाच. आम्हाला अनेक घरे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवावी लागतात. त्यामुळे भातगिरणीच्या मालकाला आपल्या गिरणीचा कॅमेरा बाहेरगावाहून बघायचा असला, तर त्याला स्वतंत्र पत्ता लागतो आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजावे लागतात. जुन्या वाटणीचे ओझे असे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत येते.

दोन विद्यापीठांनी दोन वाटा दाखवल्या. स्टॅनफर्डने आपला ३६ ने सुरू होणारा अख्खा गठ्ठा रिकामा करून २००० साली परत दिला. २०१० मध्ये तो एपनिककडे आला, म्हणजे आशियाच्या वाट्याला. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या १८ च्या गठ्ठ्यातला मोठा भाग विकायचे जाहीर केले. विकण्याच्या बाजूनेही एक म्हणणे आहे आणि ते ऐकले पाहिजे: पडून राहिलेले पत्ते किंमत आल्यामुळे वापरात येतात. हे खरे आहे, आणि केंद्रांनी अशा हस्तांतराची नोंद ठेवणे हेही योग्यच. पण जे फुकट आणि विश्वासाने मिळाले, त्याची किंमत उशिरा आलेल्याकडून वसूल करावी का, या प्रश्नाचे उत्तर बाजार देत नाही. नाशिकच्या लेण्यात उषवदात या दात्याचा लेख आहे. त्याने लेणे दिले ते चारही दिशांच्या संघाला, म्हणजे अजून न आलेल्या भिक्खूंनाही. स्टॅनफर्डचे परत देणे मला त्या दानाच्या जातीचे वाटते.

वाटणाऱ्याला त्रासही होतो. वाईट जागा वाट्याला आली म्हणून चिडलेल्या भिक्खूंनी दब्बावर खोटा आळ घेतला, अशी कथा आहे. पत्ते वाटणाऱ्या आफ्रिकेच्या केंद्रालाही त्रास झाला. पत्त्यांच्या मोठ्या गठ्ठ्यावरून वाद झाला, २०२१ पासून मॉरिशसच्या न्यायालयात दावे चालले, बँकखाती काही काळ गोठली, संचालक मंडळही काही काळ उरले नाही. वाद कुणाचा खरा, यावर मी निवाडा देत नाही. पण इतके दिसले, की भय न बाळगणारा वाटणारा एकटा टिकत नाही. त्याच्यामागे जागरूक संघ लागतो.

असा संघ कसा असावा, याचे उत्तर आपल्याकडे जुने आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी आठवण करून दिली होती, की भिक्खूसंघांना ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांचे नियम माहीत होते. संघाला एक राजा नव्हता. आपापल्या सीमेत जमलेला संघ ठराव मांडायचा, तो पुन्हापुन्हा ऐकवला जायचा, आणि आक्षेप नसेल तरच तो पार पडायचा. पत्त्यांच्या विभागीय केंद्रांचे धोरणही खुल्या सभेत, सहमतीने ठरते. सूचना कुणीही मांडू शकतो, आणि आक्षेपासाठी मुदत असते. सीमा आपली आणि धम्म सगळ्यांचा, ही रचना भिक्खूंनी ज्या गरजेतून शोधली, त्याच गरजेने ती जाळे बांधणाऱ्यांच्या हातून पुन्हा घडली.

आता आयपीव्ही६ आले आहे. त्याचे पत्ते एकशे अठ्ठावीस बिटांचे आहेत आणि माणसाच्या हिशेबाने ते संपणारे नाहीत. भारत ते वापरण्यात जगात आघाडीवर आहे. मग वाटणाऱ्याची गरज सरेल का? मला तसे वाटत नाही. विपुलता आली की लोभाला आणि भयाला वाव कमी होतो, पण एक क्रमांक एकाकडेच आहे हे कुणीतरी लक्षात ठेवावेच लागते. टंचाई गेली तरी पाचवा गुण लागतच राहणार. आणि नोंद ज्याच्या हातात, त्याचे मन कसे आहे हा प्रश्नही त्यासोबत राहणार.

म्हणून माझ्या क्षेत्रातल्या तरुणांना, भंडारा, साकोली, तुमसर इथे राउटर बसवणाऱ्या पोरांना, मला एवढेच सांगायचे आहे. पत्त्यांच्या सभा दिल्लीच्या आणि ब्रिस्बेनच्या मोठ्या लोकांसाठी आहेत, असे समजू नका. त्यांचे दार उघडे आहे. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचते का, हे शेवटच्या बांधीवाल्यालाच आधी कळते, आणि त्याने ते सभेत बोलले तरच नियम बदलतो. धम्माने आपल्याला न्याय्य वाटणी मागायचा हक्क दिला आहे. ती वाटणी करण्याची लायकी कमावणे हेही धम्माचेच काम आहे.