साधारणीकरण आणि तनयचे दुःख

नाटकातले परक्याचे दुःख प्रेक्षकाला आपले का वाटते, या प्रश्नावर संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धांत मांडला. रंगभूमीवर आलेली भावना अमुक एका माणसाची उरत नाही, सर्वांची होते. अभिनवगुप्ताने तो पुढे नेला आणि रसास्वादात येणारी सात विघ्नेही सांगितली. त्यांतले पहिले संभावनाविरह: समोर दिसते ते घडू शकते, हेच प्रेक्षकाला न पटणे. समलिंगी प्रेमाच्या कथांना नडले ते मुख्यतः हेच.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात (१९८१) त्यावर बापूचा उतारा आहे. मित्रा या तरुणीचा जीव नमा या दुसऱ्या तरुणीवर, आणि निवेदक बापूचा मित्रावर. एकतर्फी प्रेम प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाचे, त्यामुळे बापूचा हात धरून तो मित्रापर्यंत पोचतो. पण बापू झुरूनही जगतो. मित्रा आत्महत्या करते.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीला (२००६) असा मध्यस्थ लागत नाही. तनय आणि अनुजा ही मध्यमवर्गीय घरातली भावंडे. घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर दोघांचाही जीव जडतो. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलेले नाही. तो अनुजाबरोबर निघून जातो आणि पुढे तिलाही टाकतो. माणूस तोच, घर तेच, विरहही तोच. तरी अनुजाच्या पळून जाण्याने घर हादरते, लोक बोलतात. तनयने काही गमावले आहे याची घरात कोणाला दादही नसते. अनुजा डायरी लिहिते. तनय मात्र सगळे निवेदन निघून गेलेल्या त्या तरुणालाच ‘तू’ म्हणत करतो. दुसऱ्या कोणाला सांगणार?

‘प्रेम शेवटी सगळ्यांचे सारखेच’ हा अशा पुस्तकांना हमखास मिळणारा शेरा म्हणूनच अपुरा पडतो. विरह सारखा आहे; तो उघडपणे भोगण्याची मुभा सारखी नाही. कादंबरी आली तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू होते. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. हा तपशील गाळला तर तनयचे मौन नुसता लाजाळूपणा ठरेल. रससिद्धांतालाही ते मानवणारे नाही, कारण विभाव (भावनेची कारणे) आणि अनुभाव (तिची बाहेर दिसणारी चिन्हे) यांवाचून रस नाही, आणि तनयच्या बाबतीत हे मौन हाच अनुभाव आहे.

साधारणीकरणाचे श्रम आजवर एकाच बाजूने झाले, हेही नोंदवायला हवे. दुष्यंत-शकुंतलेच्या विरहात समलिंगी वाचक पिढ्यानपिढ्या रमला. त्या वेळी संभावनेचा प्रश्न कोणी काढला नाही.