पाहुण्याचा वाटा

घरच्यांना थोडे कमी पडले तरी चालेल, पण पाहुण्याच्या ताटात कमी पडता कामा नये, हे आम्हां वसईकरांना शिकवावे लागत नाही. मग त्याच पाहुण्याच्या इंटरनेटला मर्यादा घालणे आतिथ्यात बसते काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. गेल्या नाताळात मात्र त्याने आम्हांला अस्वस्थ केले.

घरात सेकंदाला ५० मेगाबिटची जोडणी. बहिणीची तीन मुले चार दिवस राहावयास आलेली. एकाचा चित्रपट चालू, दुसरा कसलासा खेळ उतरवून घेत होता, तिसऱ्याच्या फोनमधील छायाचित्रे वर चढत होती. रात्री आठ वाजता टोरांटोहून, म्हणजे तिकडच्या सकाळी, थोरल्या बंधूंचा व्हिडिओ कॉल आला. अशा संभाषणाला दोन-तीन मेगाबिट पुरतात. पण त्याचे तुकडे इतरांच्या रांगेमागे अडकले की चित्र गोठते. ते गोठले. "बोलता बोलता गप्प का झाला? रागावला का?" आई विचारीत राहिली. ती ८६ वर्षांची आहे.

त्याच रात्री आम्ही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढले आणि तिघांत मिळून १० मेगाबिटची मर्यादा घातली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या ५३व्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्त समजून करावयास सांगितले. आणि त्याच प्रकरणात पाहुण्यांचे स्वयंपाकघर मठापासून वेगळे ठेवले, अवेळी येणाऱ्यांमुळे मठवासीयांना व्यत्यय येऊ नये म्हणून. या दोहोंत त्याला विसंगती वाटली नाही. आम्हांलाही मर्यादेची लाज वाटली नाही.

लाज वाटली ती दुसऱ्या दिवशी. थोरल्या भाच्याने विचारले, "मामा, आज नेट एवढं स्लो का?" आणि आम्ही बोलून गेलो, "लाइनच खराब आहे रे."

एवढे खोटे कशासाठी बोललो? कारण मनातून ठाऊक होते की, ही मर्यादा आईपुरती राहिली नव्हती. तांदूळ आज वाचवला तर उद्या शिजवता येतो. या सेकंदाला न वापरलेले मेगाबिट मात्र पुढच्या सेकंदासाठीही शिल्लक राहत नाहीत. मध्यरात्री, सारे घर झोपलेले असताना, पोरांना दहावर अडवून आम्ही कोणासाठी काय राखीत होतो? यजमानपणाचा तोरा, दुसरे काय!

तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी भाच्याला खरे काय ते सांगितले. तो हसला. "मामा, नेटवर्कच्या नावातच 'गेस्ट' लिहिलंय की. पण आजीसाठी आहे, हे आधी सांगायचं ना!" मग त्यानेच राउटर उघडून मर्यादा काढली आणि आईच्या टॅबला अग्रक्रम दिला, उरेल ते इतरांनी हवे तेवढे घ्यावे.

रात्री आठला बंधूंचा कॉल आला, तेव्हा बाहेरच्या खोलीत चित्रपट चालूच होता.