श्रद्धा, ज्ञान आणि इटालियन क्रियापद

‘देव आहे हे मला माहीत आहे’ हे इटालियनमध्ये ‘सो के दिओ एझिस्ते’ असे म्हणतात. ‘देव आहे असा माझा विश्वास आहे’ याला मात्र ‘क्रेदो के दिओ एझिस्ता’. ‘एझिस्ते’ हे रूप इन्दिकातीवोचे, म्हणजे साधारणपणे मराठी व्याकरणातल्या स्वार्थाचे. ‘एझिस्ता’ हे कोन्जुन्तीवोचे, म्हणजे साधारणपणे इंग्रजी व्याकरणातल्या ‘सब्जंक्टिव्ह’चे. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’च राहते, म्हणून मराठी विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. या अडचणीच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: श्रद्धा बोलून दाखवताना माणूस नकळत शंकेचीही कबुली देतो का?

खात्री असेल तर इन्दिकातीवो, शंका असेल तर कोन्जुन्तीवो, असा सोपा नियम शिकणाऱ्याला सुरुवातीला मिळतो. तो खरा मानला, तर प्रत्येक श्रद्धावान संशयी ठरेल. तेराव्या शतकातला इटालियन तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने मत, श्रद्धा आणि ज्ञान वेगळे केले होते. मत धरणाऱ्याच्या मनात उलट बाजू खरी असण्याची धास्ती असते. श्रद्धेत ती नसते. तिथली संमती ज्ञानाइतकीच ठाम असते, फक्त मानलेली गोष्ट बुद्धीला प्रत्यक्ष दिसलेली नसते. इटालियन व्याकरण मात्र मत आणि श्रद्धा या दोहोंपुढे एकच रूप ठेवते.

नियमाचा अपुरेपणा दोन उदाहरणांत दिसतो. ‘सोनो कोन्तेन्तो के तू सीआ क्वी’, म्हणजे ‘तू इथे आहेस याचा मला आनंद आहे’. समोरचा माणूस डोळ्यांपुढे उभा आहे, शंकेला जागाच नाही, तरी ‘सीआ’ हे कोन्जुन्तीवोच. उलट ‘सेकोन्दो मे दिओ एझिस्ते’, म्हणजे ‘माझ्या मते देव आहे’, हे निव्वळ मत. तरी तिथे इन्दिकातीवो येतो, कारण वाक्यात ‘के’ने जोडलेले गौण वाक्यच नाही.

म्हणजे हे रूप सत्यासत्याचा निवाडा करत नाही. बोलणारा कशाचे विधान करतो आहे, एवढेच ते बहुधा दाखवते. ‘सो के’ म्हणणारा देवाच्या अस्तित्वाची ग्वाही देतो. ‘क्रेदो के’ म्हणणारा आपल्या विश्वासाची. आनंदाच्या वाक्यात हजेरी गृहीत असते, सांगायचा असतो तो आनंद.

या स्पष्टीकरणालाही मर्यादा आहेत. रूपाची निवड काही अंशी वहिवाटीने ठरते. बोलण्यात ‘क्रेदो के’नंतर इन्दिकातीवोही ऐकू येतो, कधी तो सैलपणाचा असतो, कधी ठाम निष्ठेचा. ‘क्रेदो इन दिओ’, म्हणजे ‘माझी देवावर श्रद्धा आहे’, यात तर गौण वाक्यच नसल्याने निवडीचा प्रश्न उरत नाही. म्हणून श्रद्धेची खोली क्रियापदाच्या रूपावरून मोजता येत नाही. शिकणाऱ्यानेही ‘हे खरे आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘इथे ग्वाही कशाची दिली जाते आहे?’ असे विचारावे. बरीचशी रूपे त्यातून उलगडतात.