ऊन : तेजाचा स्पर्श

सद्भक्तहो, दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकाच्या मुखी भगवंताच्या नामाखालोखाल जो शब्द वारंवार येतो, तो म्हणजे 'ऊन'. "आज ऊन फार आहे हो!" तक्रारीच्या सुरात उच्चारल्या जाणाऱ्या या दोन अक्षरांकडे क्षणभर आदराने पाहावे, एवढीच विनंती.

संस्कृतातील 'उष्ण' या शब्दाचे प्राकृतात 'उण्ह' झाले आणि मराठीत 'ऊन'. मूळचा हकार लोपला खरा, तरी 'उन्हात', 'उन्हाने' असे म्हणताना तो पुन्हा प्रकट होतो. 'उन्हाळा' याच कुळातला. 'उणे' मात्र या कुळातले नव्हे. ते न्यून या अर्थाच्या निराळ्या संस्कृत शब्दापासून आले. नादसाम्यावरून या दोहोंची सोयरीक जुळविण्याचा मोह आम्हां प्रवचनकारांना होतो, तो टाळलेला बरा.

'ऊन' म्हणजे उष्ण, हा मूळ अर्थ आजही जिवंत आहे. महाप्रसादाच्या पंगतीत 'ऊन ऊन भात' वाढला जातो. महाडजवळ सव येथे सावित्रीच्या काठी ऊन पाण्याचे झरे आहेत. ती ऊब भूगर्भातली, सूर्याची नव्हे. तरीही शब्द तोच. उत्तरेकडील यात्रेकरू उन्हाला 'धूप' म्हणतात, आणि आपण धूप देवापुढे जाळतो!

तात्पर्य असे, की मराठी माणसाने सूर्याच्या या दानाला नाव दिले ते प्रकाशावरून नव्हे, तर उष्णतेवरून. प्रकाश नेत्रांना कळतो, ऊन त्वचेला. दृष्टिहीन भाविकालाही ते कळते. न्याय-वैशेषिक दर्शनातही तेजाचे लक्षण उष्ण स्पर्श हेच मानले आहे.

'स्पर्श' हा शब्द महाडच्या भूमीवर सहजपणे उच्चारून पुढे जाता येत नाही. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून येथे येणारी सावित्री सवितृदेवाचे नाव धारण करते. सूर्याच्या नावाची नदी जिच्या काठाने वाहते, त्याच नगरीत अस्पृश्य मानलेल्या आपल्याच बांधवांना चवदार तळ्याचे पाणी वर्ज्य होते. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व ते पाणी प्याले. त्यानंतर ही मंडळी वीरेश्वराच्या मंदिरातही शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. देवाच्या नावाने हे घडले, हे देवस्थानाच्या पुस्तिकेत लिहिताना संकोच वाटतो. परंतु न लिहिणे अधिक लाजिरवाणे. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला, तेव्हा कुठे त्या पाण्यावरील हक्क कायद्याने शाबीत झाला.

मार्चअखेर म्हणजे कोकणात ऊन तापू लागण्याचे दिवस. त्या दुपारीही ते तळ्याच्या पाण्यावर पडले असेल, ओंजळ भरणाऱ्यांच्या हातांवर पडले असेल, आणि ज्यांनी काठ्या उगारल्या त्यांच्याही खांद्यांवर. त्या उन्हाची शुद्धी कोणी केली नाही.

महाडला आलेल्या भाविकांनी दर्शन झाल्यावर चवदार तळ्याच्या काठीही अवश्य जावे. सकाळी लवकर जावे. तेव्हा ऊन कोवळे असते.