पाय चेपण्याचे दहा रुपये



मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याच एका आळीत घडलेली ही गोष्ट. घरच्यांच्या परवानगीने सांगत आहोत. नाव मात्र सांगत नाही.

चौथीत जाणाऱ्या एका मुलाला बॅट हवी होती. वडील म्हणाले, "अर्धे पैसे तू जमव." पोरगा कामाला लागला. शेजाऱ्यांची रद्दी गोळा करून त्याने विकली. चिंचा सोलून, मीठ-गूळ घालून गोळ्या केल्या आणि मैदानावर रुपयाला एक विकल्या. आपली गोष्टींची पुस्तके मित्रांना दोन रुपये रोजाने वाचायला दिली. बाहेरगावी गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घातले. गल्ला खुळखुळू लागला. मग त्याने घरातही दरपत्रक लावले: दुकानातून सामान आणणे पाच रुपये, चपला-बूट पुसणे पाच रुपये, आजीचे पाय चेपणे दहा रुपये.

सगळे हसले. आजीही हसली आणि तिने बटव्यातून दहाची नोट काढून दिली. पण चार दिवसांनी तिने नातवाला हाक मारणे बंद केले. "आज राहू दे रे बाबा," म्हणू लागली. आई आमच्याकडे आली. "फादर, पोर कष्टाने कमावतंय. त्याला ओरडू कशी? आणि गप्प तरी कशी बसू?"

'पैशाने मुले बिघडतात' असे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले, कारण ते खरे नाही. या मुलाने फसवणूक केली नाही. शेजाऱ्याची अडचण त्याने ओळखली, हात चालवले आणि मोबदला घेतला. कष्टाचा पैसा मागण्यात लाज कसली? शिवाय 'घरचे काम प्रेमाचे, त्याचा हिशेब कसला' असे म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांचे श्रम मोजलेच नाहीत, हेही विसरता येत नाही.

मग चुकले कुठे? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली एक भेद मांडला. काही गोष्टींना किंमत असते. त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी गोष्ट ठेवता येते. काहींना मात्र किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्यांना पर्याय नसतो. चिंचेच्या गोळीला पर्याय आहे. पाय चेपायला बाईही ठेवता येते. पण आजीला पाय चेपून घेण्यापेक्षा नातू जवळ बसायला हवा होता. त्या बसण्याला दर लागला आणि ती त्याची गिऱ्हाईक झाली. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर ते दुकानात जात नाही.

दर लागला की नाते कसे बदलते, याचे एक उदाहरण इस्रायलमधल्या हैफा शहरातले आहे. तिथल्या काही पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. दंडाने उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी थांबून राहणाऱ्या बाईंबद्दल पालकांना संकोच वाटत असावा. आता पैसे भरले की मन मोकळे! दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्ववत झाला नाही. एकदा गेलेला संकोच सहजासहजी परत येत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. या मुलाची कमाई हा खेळ होता, कारण त्याचे जेवण तिच्यावर अवलंबून नव्हते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे. शाळेनंतर वा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावता येतो, तोही धोक्याच्या कामात नाही. आपल्या पोराचे कौतुक करताना हॉटेलात टेबल पुसणारे पोर दिसले, तर ते 'चलाख' आहे म्हणून आपण पुढे जाऊ नये.

आईला आम्ही एवढेच सांगितले: "ओरडू नका. आजी का बोलवत नाही, हे त्यालाच विचारू द्या."

त्याने विचारले. आजी म्हणाली, "रोज दहा रुपये कुठून आणू रे?" पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उधारीवर चालेल, आजी." आणि पाय चेपायला बसला. पहिले दोन दिवस त्याने वहीत उधारी मांडली. पुढे वही कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही. बॅट मात्र आली, रद्दीच्या आणि चिंचांच्या पैशांतून.

आमचे तत्त्वज्ञान त्या पोराच्या एका वाक्यापुढे फिके पडले. बाजारात हिशेब चुकता झाला की दोघे मोकळे होतात. घरात कोणी कोणाला मोकळे करायचे नसते. आईवडिलांची, आजीआजोबांची उधारी फिटत नाही, आणि ती फिटू नये यातच घराचे घरपण आहे.

मुलांना कमवायला जरूर शिकवा. आणि आज जेवण झाल्यावर, घरात कोणी हाक मारायचे थांबले आहे का, तेवढे पाहा.