ओटी भरणारे हात

पांडुरंगा, उद्या सूनबाईचं डोहाळजेवण. सातवा लागलाय, दिवस वैशाखाचे आणि सोसायटीच्या हॉलला वर पत्रा. पाऊस पाड असं म्हणत नाही, आंबेवाल्यांचे तळतळाट लागतील. फक्त वीज जाऊ देऊ नकोस. तुला उकडू नये म्हणून पंढरपुरात पाडव्यापासून मृगापर्यंत चंदनाची उटी लावतात. आणि जिच्या पोटात जीव वाढतोय तिला आम्ही काठापदराची हिरवीगार साडी नेसवून, वर फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा चढवून भर दुपारी झोपाळ्यावर बसवणार. तिच्या पायांवर सूज आहे. पाय खाली सोडून तासभर बसली की घोटे दिसेनासे होतात. पाय ठेवायला झोपाळ्यापुढे पाट मांडायचा ठरवलाय. फोटोत बरा दिसत नाही म्हणून फोटोवाला तो काढायला लावेल, तेव्हा मला खमकेपणा दे.

बाकी तयारी पोरींनी वाटून घेतली आहे. पूर्वी बागेतलं डोहाळजेवण खरोखर बागेत व्हायचं, नावेतलं नदीवर आणि चांदण्यातलं गच्चीवर. गरोदर बाईला चार भिंतींबाहेरची हवा लागावी, हा त्यातला शहाणपणा. आता नाव, चंद्रकोर, धनुष्यबाण सगळं भाड्याने मिळतं आणि हॉलमध्येच उभं राहतं. चालायचंच. पोरींच्या उत्साहाला मी नावं ठेवत नाही. फुग्यांची कमान मात्र पंख्याखाली बांधू नका, एवढं त्यांच्या कानात तूच सांग.

जेवणाचं तुला सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्यात अडकलाय. मागच्या महिन्यात तिला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा 140 च्या आत हवा होता, तो वर गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, खाणं सांभाळा, जेवणानंतर चाला. म्हणजे जिचं डोहाळजेवण तिलाच पुरणपोळी बंद आणि आमरसही बंद. मी बेत बदलला. मसालेभात, भरली वांगी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, आंबेडाळ आणि हवं तेवढं ताक. पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या आहेतच. पण पंगतीत प्रत्येकीला वाटणार की आपल्या हातचा एक घास हिच्या तोंडात गेलाच पाहिजे. “अगं, तुझ्यासाठी नाही, बाळासाठी घे!” असे साठ घास झाले तर त्या पोरीच्या रक्ताचं काय होईल? त्या प्रेमळ हातांना जरा आवर घाल. आणि तिला ‘नको’ म्हणायचं धाडस दे, माझ्यासमोरसुद्धा. तिचे खरे डोहाळे विचारशील तर तिला हुरडा हवाय. वैशाखात हुरडा! तो काही मी तुझ्याकडे मागत नाही.

आता दोन वाट्यांचं. ओटी झाली की झाकलेल्या दोन वाट्या पुढे करायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नणंदबाई म्हणतात, खेळ तर आहे, त्यात काय एवढं? पांडुरंगा, मी पुष्कळ डोहाळजेवणं जेवले आहे. बर्फी निघाली की बायका हसतात आणि टाळ्या वाजवतात. पेढा निघाला की त्याच टाळ्या जास्त जोरात वाजतात. तेवढा फरक त्या झोपाळ्यावरच्या बाईला बरोबर ऐकू येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या राज्याने केला, 1988 साली. देशाचा कायदा 1994 मध्ये आला. आणि 2011 च्या जनगणनेत याच महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 894, बीड जिल्ह्यात तर 807. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी लागते की इथे निदान होत नाही, आणि आम्ही हॉलमध्ये वाट्या मांडून तेच निदान टाळ्यांच्या गजरात करतो. मी उद्या दोन्ही वाट्यांत कैरीच्या फोडी ठेवणार आहे, तिखटमीठ लावून. नणंदबाई रुसतील. त्यांचा रुसवा पंगत बसेपर्यंत टिकू देऊ नकोस, एवढंच मागते. पानावर बसल्या की त्या आपोआप विरघळतात.

आणि ज्यासाठी मी एवढ्या रात्री तुझ्यापुढे बसले ते आता बोलते.

पहिली ओटी कुणी भरायची? रीत सांगते, सवाष्णींनी. माझ्या विहीणबाईंचे यजमान करोनात गेले. त्या परवाच आल्या. येताना लेकीसाठी हिरवा खण, खारका, बदाम, हळकुंडं, सुपाऱ्या, पाच फळं, सगळं स्वतः निवडून आणलं. नारळ तर कानाशी हलवून पाणी ऐकून घेतलेला. सामान माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “तुम्ही भरा, मी मागे बसेन.” किती सहज म्हणाल्या! जिने या मुलीला नऊ महिने पोटात वागवलं, तिचा हात तिच्याच लेकीच्या ओटीला चालत नाही, हा हिशेब कुठल्या चोपडीतला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून कळवलं. एका गावाला जमलं ते माझ्या एका हॉलला जमू दे. उद्या मी ओटीचं ताट त्यांच्या हातात देणार आहे, सगळ्यांच्या आधी. त्या मागे सरकतील, हे मला माहीत आहे. कुणीतरी घसा खाकरेल, कुणी नुसतं माझ्याकडे बघेल. त्या क्षणी माझी जीभ गोड ठेव आणि पाय घट्ट ठेव. भाषण करायची इच्छा मात्र मला होऊ देऊ नकोस. विहीणबाईंना उदाहरण व्हायचं नाही, आई म्हणून ओटी भरायची आहे.

धाकट्या जाऊबाईंसाठीही मागते. त्यांच्या दोन खेपा वाया गेल्या, पुढे काही झालं नाही. घरातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला त्या येतात आणि स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. फुलांची वाडी त्यांच्याइतकी कुणाला जमत नाही. आत्ता त्या पलीकडच्या खोलीत बसल्या आहेत. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात, मांडीवर मुकुटाचा पुठ्ठा, दात आणि अंगठा यांच्यामध्ये ताणलेला दोरा. एक कळी उलटी, एक सुलटी, म्हणजे दोन्हीकडून देठ झाकतात. उमलायला आलेली कळी त्या बाजूला टाकतात, उद्या दुपारपर्यंत ती पिवळी पडेल म्हणून. संध्याकाळी घरातलंच कुणी माझ्याजवळ हळूच म्हणालं, “तिच्या हातची वाडी घालायची का?” मी काही बोलले नाही, कारण दार उघडं होतं. त्यांनी ऐकलं असेल का रे? ऐकलं नसू दे. आणि उद्या वाडी सूनबाईच्या अंगावर चढेल तेव्हा ती चढवायला त्यांनाच बाहेर बोलवायची आठवण मला दे. कुणी “तुमचं कधी?” असं विचारू नये, याची तजवीज तू कर. माझे हात तेव्हा वाढण्यात असतील.

तुला हे समजेल म्हणून तुझ्याशी बोलते. चोखोबा घरी नसताना सोयराबाईला कळा लागल्या आणि तू नणंदेचं रूप घेऊन तिचं बाळंतपण केलंस, अशी कथा आहे. ज्यांना तुझ्या देवळाची पायरी चढायची बंदी, त्यांच्या घरात तू चुलीवर पाणी तापवलंस. कोण सवाष्ण, कोण वांझ, कोण विटाळाची, हे तू विचारलं नव्हतंस. नंतर काही माणसांनीही ते विचारलं नाही. पुण्यात 1863 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपलं घर उघडलं, आणि तसल्याच एका बाईच्या यशवंताला आपला मुलगा केला. तुझ्या पंढरपुरात वारीच्या गर्दीत लेकरं टाकून बायका निघून जायच्या. त्या लेकरांसाठी 1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी तिथे आश्रम काढला. त्या आयांची ओटी कुणी भरली नव्हती. उद्या ताटात जे तांदूळ उरतील, त्यातली एक मूठ त्यांच्या नावाने बाजूला काढीन.

माझ्या लेकालाही झोपाळ्यावर तिच्या शेजारी बसव. तो लाजून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहतो. रात्री बाळ रडेल तेव्हा याला पार्किंग सापडू नये.

आणि पुढचं. तिला 26 आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे, दवाखाना घरापासून जवळ आहे, रक्तगट लिहून फ्रिजवर चिकटवला आहे. जे माणसाच्या हातात होतं ते झालं. बाकी तुझ्याकडे. दोघांनाही सुखरूप दे. आणि निवडायची वेळ आलीच, तर आधी तिला सांभाळ, विठोबा. सासू असून हे मागते आहे, नीट ऐक. नातवंडाचं तोंड बघायची मला घाई आहे, पण ती त्या मुलीच्या जिवापुढे नाही.

आचारी साडेनऊला येतो म्हणालाय, म्हणजे साडेदहा. फुलं ताजी राहू देत, ताक पुरू दे. सवड असली तर तूही ये. जनीबरोबर दळण दळलंस तसा आमच्याकडेही कामाला हात हवाच आहे. फक्त नणंदेच्या रूपात येऊ नकोस, ती जागा भरलेली आहे. जाऊ म्हणून ये, आणि आल्याबरोबर काकड्या चोचवायला घे.